पाचवं जनुक

१

सरांना मारणाऱ्यानं एका घावावर भागवलं नव्हतं. पहिल्याच घावात जीव गेला असावा, असं पोलीस डॉक्टर म्हणाले. तरी त्यानंतर तो रोटर पुन्हा पुन्हा त्याच कवटीवर आदळला होता. रोटर म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्राचा धातूचा गाभा, पाण्यानं भरलेल्या कळशीएवढा जड. तो थंड खोलीच्या कोपऱ्यात आडवा पडला होता आणि त्याच्या खाचांत पांढरे केस अडकले होते.

थंड खोलीत रक्त लवकर वाळत नाही. फौजदारबाईंचा बूट त्यावरून सटकला. त्यांनी फळी धरून कसाबसा तोल सावरला आणि मनातल्या मनात खुन्याला एक सणसणीत शिवी हासडली. नोकरीत त्यांनी प्रेतं पुष्कळ पाहिली होती. पण माणूस ओळखायला त्याचा स्वेटर बघावा लागावा, असं प्रेत काही रोज समोर येत नाही.

बाहेरच्या दालनात माणसाच्या उंचीचा फ्रीजर सताड उघडा होता. त्यातले डबे जमिनीवर उपडे केलेले, शेकडो बारीक नळ्या इतस्ततः पडलेल्या, प्रत्येकीचं झाकण उघडलेलं आणि वरून ब्लीच ओतलेलं. वासानं डोळ्यांतून पाणी काढलं.

"सरांचं सगळं आयुष्य होतं त्यात," अक्का म्हणाली. ती प्रयोगशाळेतली सगळ्यांत जुनी शास्त्रज्ञ. लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणायचे. "मातीतला एक जिवाणू सापडला होता आम्हाला. इस्पितळातल्या ज्या जंतूला कुठलंच औषध लागू पडत नाही ना, त्याला हा मारायचा. आता पुन्हा कुठून आणायचा तो?"

"कुणाचा संशय येतो?"

 बोलला अक्काच्या शेजारचा माणूस. सरांचा जावई. तोही इथंच शास्त्रज्ञ होता आणि त्याला सगळी प्रयोगशाळा जावईबापू म्हणून हाक मारायची. रडून त्याचा चेहरा सुजला होता.

"कुणाच्या पोटावर पाय द्यायची इच्छा नाही माझी," तो म्हणाला. "पण गेल्या आठवड्यात सरांनी पैलवानला हाकलून दिलं. संशोधन करणारा विद्यार्थी. त्याचा प्रयोग दर वेळी फसायचा. जाताना सगळ्यांदेखत ओरडला, 'तुमचं डोकं फोडीन.'"

दुपारच्या आत फौजदारबाईंनी पैलवानला त्याच्या घरून उचलला. तो दिसला तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पोरगा म्हणजे नुसता खुंटीवर टांगलेला सदरा. चेष्टेनं काडीपैलवान म्हणायचे त्याला, पुढं काडी गळून पडली आणि पैलवान तेवढा उरला.

ठाण्यावरच्या साहेबांना मात्र हे पटेना. "पैलवान म्हणतात ना? मग झालं तर."

"साहेब, तो रोटर उचलायलाच धाप लागेल त्याला. चार वेळा हाणायचं दूरच."

"राग आला की बळ येतं माणसाला. परवा सकाळी कोर्टापुढं उभा करायचाय. तोवर कबुली हवी मला. तुम्ही तपास करा, कबुलीचं माझी माणसं बघतील."

साहेब खुर्चीतून उठलेही नव्हते, तेवढ्यात मागच्या खोलीतून पहिली किंकाळी आली.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या बाकावर पैलवानची आई बसली होती. मांडीवर मुलाचा धुतलेला सदरा.

"बाई, आतून आवाज येतो हो. आमचाच आहे का तो?"

 आपणच त्या पोराला हाताला धरून इथं आणलं, याची फौजदारबाईंना लाज वाटली, आणि लाज वाटली की त्यांचा पारा चढायचा. तडक साहेबांच्या खोलीत जाऊन त्या म्हणाल्या, "हे थांबवा."

"दुसरा कोणी आणा, थांबवतो," साहेब फायलीतून मान वर न करता म्हणाले.

म्हणून त्या पुन्हा प्रयोगशाळेत आल्या. अक्का एकटीच सगळ्यांचे छोटे फ्रीज तपासत होती. फोडाफोडी झाली होती ती मोठ्या फ्रीजरची. ज्याचा-त्याचा रोजच्या कामाचा फ्रीज शाबूत होता, पण मातीतला जिवाणू तेवढा मोठ्या फ्रीजरमध्येच असायचा.

"तुमचा कुठला?"

"हा. पण यातलं निम्मं माझं नाही," अक्का म्हणाली. "पूर्वी एकदा कुणाचा तरी फ्रीज बंद पडला आणि मूळ नळी, जोडप्रत दोन्ही एकदमच गेल्या. सर इतके संतापले, की तेव्हापासून रीत पडली. एक नळी आपल्याकडं, जोडप्रत दुसऱ्याच्या फ्रीजमध्ये. माझ्या पैलवानकडं असतात, पैलवानच्या सरांकडं, सरांच्या जावईबापूंकडं, जावईबापूंच्या माझ्याकडं. आता अंगवळणी पडलंय. एकच नळी ठेवून कुणाला झोप यायची नाही."

बोलता बोलता तिनं सरांच्या उबदार पेटीचं दार उघडलं. जिवाणू वाढायला ठेवायची ती पेटी. आत एकच काचेची ताटली होती. अक्कानं ती उजेडात धरली आणि दचकून एक पाऊल मागं सरकली.

ताटलीवर इस्पितळातल्या जंतूचा दुधट थर चढला होता. मधोमध मात्र गुलाबी ठिपक्यांचा पुंजका, आणि त्याच्याभोवती स्वच्छ, मोकळं वर्तुळ. त्या वर्तुळात जंतू औषधालासुद्धा उरला नव्हता.

"हे गुलाबी जिवाणू पैलवानचे," अक्का म्हणाली. "ओळखू यावेत म्हणून त्यानंच रंग दिलाय त्यांना."

"मग एवढं घाबरायला काय झालं?"

"बाई, हे मेलेले असायला हवेत."

३

अक्कानं टेबलावरच्या स्टँडमधल्या पाच नळ्या ओळीनं मांडल्या आणि समजावायला घेतलं.

"आमचा मातीतला जिवाणू विष बनवतो ते पाच जनुकांच्या हुकमानं. पहिल्याच्या हुकमानं तयार होते एक साखळी, अमिनो आम्लांची. दुसरं त्या साखळीत कड्या घालतं, वळवून वळवून घट्ट करतं. तिसरं तिचं टोक कापतं. टोक असेपर्यंत ती बिनविषारी, कापलं की जहर. चौथं ते जहर पेशीबाहेर फेकतं."

"आणि पाचवं?"

"पाचवं राखणदार. ज्या जहरानं शेजारचे जंतू मरतात, त्यानं बनवणारा स्वतः का मरत नाही? या पाचव्यामुळं. हे नसेल, तर जहर तयार झालं रे झालं की पहिला बळी बनवणाऱ्याचाच."

फौजदारबाई टेबलावर ओणवल्या. "पैलवानचा प्रयोग काय होता?"

"मातीतला जिवाणू फार हळू वाढतो. म्हणून ही पाचही जनुकं कापून एका गरीब, भराभर वाढणाऱ्या जिवाणूत बसवायची. औषध भरपूर मिळालं असतं. पैलवान दिवसरात्र राबायचा, पण त्याचे जिवाणू दर वेळी मरायचे. सरांना वाटलं, पोराच्या हातातच गुण नाही."

"आणि आता ते जगलेत. म्हणजे?"

"म्हणजे त्याला दिलेल्या जनुकांच्या तुकड्यात पाचवं जनुक नव्हतंच. त्याला हाकलल्यावर सरांनी काम स्वतः हातात घेतलं असणार, त्यांना चूक दिसली असणार. पाचवं जनुक घातलं आणि जिवाणू जगले. खात्री करायला त्यांनी प्रयोग पुन्हा लावला. एकदा आलेल्या उत्तरावर सर कधीच विसंबायचे नाहीत. पहिली ताटली खुन्यानं नष्ट केली असेल. ही तेव्हा नुकती लावलेली, कोरीच दिसत असणार. म्हणून वाचली."

फौजदारबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तुकडा अपुरा राहिला नव्हता. तो कुणीतरी मुद्दाम अपुरा ठेवला होता, पोराला नालायक ठरवून काम बंद पाडायला. सरांनी त्या माणसाला त्याबद्दल जाब विचारला आणि सर संपले.

"तो तुकडा कापला कुणी, अक्का?"

अक्कानं नळ्या गोळा करायला घेतल्या. एक तिच्या हातून निसटून फरशीवर फुटली.

"मी," ती म्हणाली.

४

"पण कुठून कुठवर कापायचा, त्या खुणा जावईबापूंनी दिल्या होत्या," अक्का पुढं म्हणाली. "मी पडताळून पाहिलं नाही. घरच्या माणसाला काय पडताळायचं?"

जावईबापूंना विचारलं तर त्यांनी कानावर हात ठेवले. "मी खुणा बरोबरच दिल्या होत्या. हात अक्कांचा होता. त्या बाईंचं सरांशी पटत नव्हतं, हेही विचारा कुणाला." आणि पुन्हा डोळे पुसले. रडणं खोटं वाटत नव्हतं, हीच पंचाईत होती.

एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध. फौजदारबाई ठाण्यावर परतल्या तेव्हा पैलवान मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. डावा डोळा मिटलेला, ओठ फाटलेला. उजव्या हाताची तीन बोटं भलत्याच दिशांना वाकली होती. शेजारी ओला पट्टा टांगलेला होता.

"तुझे जिवाणू का मरत होते, कळलं मला," त्या खाली बसत म्हणाल्या.

त्यानं एका डोळ्यानं पाहिलं. "मी नाही मारलं," तो पुटपुटला. तो सरांबद्दल म्हणत होता की जिवाणूंबद्दल, ते समजलं नाही. दारातला हवालदार खाकरला आणि पोरगा हात डोक्यावर घेऊन आक्रसला.

त्याच संध्याकाळी फौजदारबाईंनी अक्काला कामाला लावलं. डोक्यात आलेली गोष्ट सोपी होती. खुन्यानं एकेक झाकण उघडून ब्लीच ओतलं होतं. रागानं तोडफोड करणारा डबे फेकतो आणि पळतो, एवढी चिकाटी धरत नाही. हा माणूस दुसऱ्या कुणाकडं तो जिवाणू उरू नये म्हणून झटला होता. म्हणजे त्याच्यापाशी तो नक्कीच होता. आणि तो लपवायला जिवाणूंनी भरलेल्या फ्रीजसारखी जागा नाही. भलतं नाव चिकटवलं की झालं.

"नावं बदलता येतील, पण पाचवं जनुक कुठं जाणार?" त्या म्हणाल्या. "तुमचं ते जहर थोडं तरी उरलंय का?"

उरलं होतं. चाचणीसाठी इस्पितळाला दिलेली एक कुपी हवालदारानं आणली. चारही फ्रीजमधल्या प्रत्येक नळीतला ठिपका अक्कानं ताटल्यांवर टेकवला, त्यावर त्या जहराचा थेंब सोडला आणि सगळ्या ताटल्या उबेत ठेवल्या. जो बनवणारा नाही, तो मरणार होता.

सकाळी ताटल्या बाहेर निघाल्या. सगळे ठिपके विरून गेले होते. एक सोडून. तो जागच्या जागी तग धरून होता.

हवालदारानं नळीवरचा क्रमांक पाहिला, फ्रीजकडं पाहिलं आणि कमरेच्या बेडीला हात घातला.

नळी अक्काच्या फ्रीजमधली होती.

५

"थांबा," फौजदारबाई म्हणाल्या. अक्का पांढरीफटक पडली होती. "अक्का, तुम्हाला एखादी नळी लपवायची असती, तर कुठं ठेवली असती?"

"एक घरी. आणि जोडप्रत..." अक्का बोलता बोलता थांबली.

"जोडप्रत पैलवानच्या फ्रीजमध्ये. तुमची तिथंच जाते. तुमच्या फ्रीजमध्ये कुणाची येते?"

"जावईबापूंची," असं अक्का म्हणेपर्यंत फौजदारबाई जीपकडं निघाल्या होत्या. एवढ्यावर कोर्ट कुणाला फाशी देत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण एकच नळी ठेवून त्यालाही झोप आली नसणार, आणि दुसरी नळी कुठंतरी होती.

सरांच्या मुलीनं दार उघडलं. नवरा कामावर गेला होता. बाप जाऊन तीन दिवसही झाले नव्हते, बाई उभ्या उभ्या झुलत होती. फौजदारबाईंनी एवढंच विचारलं, "घरच्या फ्रीजरमध्ये काही ठेवायला दिलंय का यांनी?"

"औषधाचा डबा आहे, हात लावू नकोस म्हणाले." तिनं बर्फाच्या कप्प्यातून एक चौकोनी डबा काढला आणि तो हातात उलटा धरून तशीच उभी राहिली.

डब्याच्या तळाला बर्फाचा जाड थर धरला होता. तो बर्फ लाल होता. त्यात एक पांढरा केस गोठला होता.

हात धुता आले, कपडे जाळता आले. रक्तात टेकलेला डबा मात्र धुता आला नव्हता. पुसायला बाहेर काढला असता, तर वितळून आतले जिवाणू जातील, ही त्या शास्त्रज्ञाला धास्ती.

"बाबांचे केस असेच होते," मुलगी म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. डबा तिनं स्वतःच्या हातानं फौजदारबाईंना दिला आणि मग भिंतीवर डोकं आपटायला लागली. हवालदाराला तिला धरून ठेवावं लागलं.

प्रयोगशाळेत जावईबापू स्पिरिटचा दिवा पेटवून काहीतरी करत होते. अक्का समोर उभी होती. फौजदारबाईंनी डबा टेबलावर ठेवला, लाल बाजू वर करून.

त्यानं हातातलं काम खाली ठेवलं.

"तिनं दिला?"

"तिनंच."

"काम बंद पडलं असतं, सर थकून घरी बसले असते," तो म्हणाला. "मग हा जिवाणू मी बाहेर काढला असता. माझा म्हणून. कुणाला खरचटलंही नसतं. पण त्या म्हाताऱ्यानं मला थंड खोलीत बोलावलं आणि म्हणाला, 'मुलीकडं बघून तुला इथं घेतलं, लायकी बघून नाही.' पाठ फिरवली माझ्याकडं. रोटर तिथंच गार व्हायला ठेवला होता."

"पहिल्याच घावात मेले होते ते," फौजदारबाई म्हणाल्या. "पुढचे कशाला?"

"जावईबापू, जावईबापू! इतकी वर्षं! ही अक्कासुद्धा..."

त्यानं स्पिरिटची बाटली अक्काच्या अंगावर भिरकावली आणि पाठोपाठ पेटता दिवा. अक्काच्या कोटाची बाही भडकली. ती किंचाळत मागं कोसळली. फौजदारबाईंनी एका हातानं तिचा कोट ओरबाडून काढला, तोवर तो फुटकी बाटली घेऊन त्यांच्या गळ्याशी पोचला होता. काच त्यांच्या हनुवटीखाली शिरली. त्यांनी त्याचं मनगट धरलं, टेबलाच्या कडेवर आडवं घातलं आणि सगळा भार टाकला. हाड मोडल्याचा आवाज दालनभर ऐकू आला. तो खाली पडला तरी त्यांनी त्याला आणखी एक लाथ हाणली. कायद्यात ती बसत नव्हती, पण बसवून घ्यायला त्यांना वेळ नव्हता.

"जीप काढा," गळ्याला रुमाल दाबत त्या हवालदाराला म्हणाल्या. "पोराला कोर्टात न्यायच्या आत पोचायचंय."

६

साहेब खुशीत होते. "या. कबूल झाला तुमचा पैलवान, पहाटेच. सही नाही जमली बोटांमुळं, अंगठा घेतला."

फौजदारबाईंनी लाल बर्फाचा डबा त्यांच्या फायलींवर आदळला. बर्फ वितळायला लागला होता, कागदांवर तांबडं पाणी पसरलं. काय घडलं ते त्यांनी एका दमात सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. मग ते हळूच म्हणाले, "मग सोडून द्या त्याला. गुपचूप."

मागच्या खोलीचं दार फौजदारबाईंनी स्वतः उघडलं. पोरगा उठून उभा राहायला धडपडला. कुणी काही विचारायच्या आत तो बोलायला लागला.

"मीच मारलं. रोटरनं मारलं. चार वेळा मारलं. मीच मारलं."

"नाही रे, खुनी सापडला. तू सुटलास. तुझा प्रयोगसुद्धा बरोबर होता, ऐकतोयस ना? जगले तुझे जिवाणू."

"हो. मीच मारलं."

त्या त्याच्याजवळ गेल्या तसा तो भिंतीत शिरायला बघू लागला. फौजदारबाईंना रडू फुटलं. कुणाला दिसलं याची त्यांनी पर्वा केली नाही. तेवढ्यात त्यांना बाजूला सारून आई आत आली. तिनं त्याचा मोडका हात स्वतःच्या ओंजळीत घेतला, धुतलेला सदरा त्याच्या खांद्यावर टाकला आणि तोंडावरून हात फिरवला.

"बाळा, मी आलेय. घरी जाऊ आपण. कुठं दुखतंय तुला, सांग मला."

त्यानं आईकडं पाहिलं. उत्तर चुकू नये म्हणून क्षणभर विचार केला.

"मीच मारलं," तो म्हणाला.